नातवंडं आणि आजी-आजोबांच्या भेटीचा हक्क (खानदेश)

नवरा-बायकोची फारकत झाली किंवा दोघांतलं एक वारलं की मूल एका घरात राहतं आणि दुसऱ्या घरच्या आजी-आजोबांची त्याच्याशी गाठभेट बंद होते, ती परत सुरू व्हावी म्हणून कोर्टात किंवा बैठकीत जो हक्क मागितला जातो तो हा. खानदेशात म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात असा वाद बहुतेक वेळा मरणानंतर उभा राहतो. मुलगा गेला आणि सून लेकरं घेऊन माहेरी परतली, किंवा लेक गेली आणि जावयाने दुसरं लग्न केलं.

हा हक्क कायद्यात नेमका कुठून येतो यावर एकमत नाही आणि सगळी गुंतागुंत तिथेच आहे. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा पालक नेमणं आणि मुलाचा ताबा याबद्दल बोलतो, आजी-आजोबांच्या भेटीचं वेगळं कलम त्यात नाही. कलम 8 प्रमाणे पाल्याचा कोणताही नातेवाईक पालक होण्यासाठी अर्ज करू शकतो, त्यामुळे काही वकील मंडळींचं म्हणणं की भेट हवी असेल तर आधी पालकत्वाचा किंवा ताब्याचा अर्ज टाका आणि त्यातच भेट मागा. दुसरं मत 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यावर उभं आहे, त्याच्या कलम 7 च्या स्पष्टीकरणात पालकत्व, ताबा आणि अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाची भेट हे तिन्ही सांगितलेत, म्हणजे नुसती भेटही मागता येते. तिसरं मत जुन्या इंग्रजी परंपरेतलं, की ज्याचं कुणी बघणारं नाही त्या लेकराचं पालक कोर्टच, म्हणून त्याच्या भल्यासाठी लागेल तो हुकूम कोर्ट देऊ शकतं. निकालांमध्ये हे तिसरं मत आणि 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 13, ज्यात मुलाचं कल्याण सर्वोच्च मानलंय, यांचीच सांगड जास्त दिसते. तरी दुसरं मत जास्त उपयोगाचं वाटतं, कारण सासू-सासऱ्यांनी ताबा मागितला की विधवा सुनेला वाटतं आता पोरगं हिसकावून नेतात, ती दार लावून घेते आणि मग भेटही जाते, नुसती भेट मागितली तर निदान बोलायला तरी बसते.

हक्क कुणाचा, आजी-आजोबांचा की मुलाचा, हा त्याला लागूनच असलेला प्रश्न. संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा बालहक्क करार भारताने डिसेंबर 1992 मध्ये स्वीकारला, त्याच्या कलम 8 मध्ये मुलाच्या ओळखीत कौटुंबिक नातीही धरली आहेत, पण वेगळं राहणाऱ्याशी संबंध ठेवण्याचं कलम 9 फक्त आई-बापापुरतं आहे. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत कलम 371-4 मुलाच्या बाजूने लिहिलंय, की आजी-आजोबांशी नातं ठेवण्याचा हक्क मुलाला आहे आणि तो फक्त मुलाच्या हितासाठीच अडवता येतो. अमेरिकेत उलटं झालं, 2000 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याचा वापर आईच्या निर्णयाच्या आड येतो असं ठरवलं, कारण तो कायदा कुणालाही कधीही भेट मागू देत होता. आपल्याकडे विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात आजी-आजोबांसोबतच्या वेळेचा विचार केला, पण त्यावरून कायदा अजून झालेला नाही. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा इथे कामाचा नाही, तो सज्ञान मुला-नातवंडांकडून निर्वाह मिळवण्यासाठी आहे, अज्ञान नातवंडं त्याच्या व्याख्येतच बसत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वारंवार दाखवले जातात. 2008 मध्ये आई गेलेल्या आणि बापावर तिच्या मृत्यूबद्दल फौजदारी खटला चालू असलेल्या मुलाला आईच्या आई-वडिलांकडे ठेवलं, त्यात मुलाची स्वतःची इच्छाही विचारात घेतली. 2022 मध्ये कोरोनात आई-बाप दोघं गमावलेल्या मुलाचा ताबा मावशीऐवजी अहमदाबादच्या आजी-आजोबांना दिला, नुसतं वय झालंय म्हणून त्यांना नाकारलं नाही. दोन्ही निकाल ताब्याचे आहेत, पण ताबा देता येतो तर भेट का नाही असा युक्तिवाद त्यावरून होतो आणि तो पटण्यासारखा आहे.

खानदेशात भेटीच्या तारखा सणांवर अडतात. अखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, पोरं मामाच्या गावी उन्हाळा काढतात, त्यामुळे आईकडच्या आजीला अखाजीच हवी असते. बापाकडच्यांचा जीव कानबाई या देवीच्या सणात. श्रावणात तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेताना बऱ्याच घरांत कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ मोजतात, तान्हं पोरसुद्धा सुटत नाही, आणि सुनेसोबत गेलेल्या नातवाची मूठ आजी सुपात टाकतेच. असे दिवस अर्जात नाव घेऊन लिहिलेले बरे, ‘सणासुदीला भेट’ एवढंच लिहिलं तर कोणता सण कुणाचा यावर परत भांडण होतं. अखाजीसाठीचा अर्ज तर मार्चमध्येच टाकावा, मे महिन्यात दिवाणी कोर्टांना सुट्टी लागते.

कार्यक्षेत्राचा त्रास मोठा आहे. 1890 च्या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे मूल नेहमी राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि खानदेशातली कितीतरी कुटुंबं सुरतला उधना, लिंबायत भागात स्थायिक झालीत, म्हणजे नातू तिकडे असेल तर अमळनेरच्या म्हाताऱ्यांना प्रत्येक तारखेला सुरतची गाडी धरावी लागते. अशा वेळी ठरलेल्या वाराला व्हिडिओ कॉल मागावा, कोर्टं तो देतात. आजी स्वतः अर्जदार असेल तर स्त्री म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजांना 1956 चा कायदा आपोआप लागू नाही, तिथे बरंचसं पंच आणि रूढीवर चालतं, 1890 चा कायदा मात्र खुला आहे. तिन्ही जिल्ह्यांतली अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात.