दुपारचं पाणी पानं जाळत नाही

'भर उन्हात पाणी घालू नका, थेंब भिंगासारखे काम करतात आणि पानं जळतात.' दर एप्रिलला हे फिरतं. ऐकायला शास्त्रीय वाटतं, म्हणूनच टिकलंय.

पानावर टेकलेला थेंब चपटा असतो. त्यातून एकवटणारे किरण पानाच्या खाली जाऊन मिळतात, शिवाय पाणी पानाला गारच ठेवतं. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपासलं: काचेच्या गोळ्यांनी पानं भाजली, गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी नाही. अपवाद मेणचट लव असलेल्या पानांचा, तिथे लव थेंबाला उचलून धरते, त्यामुळे किरण पानावरच एकवटू शकतात.

मग कडा करपतात कशाने? बहुधा बोअरच्या क्षारांनी आणि तहानेने. कुंडीतली माती पार सुकली की आक्रसते, कडेला फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट ताटलीत उतरतं, मुळं कोरडीच. फट बुजवा, थोडं पाणी घाला, दहा मिनिटांनी पुन्हा, खालून निथळेपर्यंत. लहान कुंडी सरळ पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा.

दुपारी खरा धोका गच्चीवर तापलेल्या पाइपचा: पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते बादलीत सोडा.

पहाटे पाणी घालणं चांगलंच, पण कारण बाष्पीभवन कमी होतं हे. दुपारी मोगरा मलूल दिसला तर आधी बोट दोन इंच खुपसा. माती ओली असेल तर थांबा, संध्याकाळी तो आपोआप सावरतो. कोरडी असेल तर लगेच घाला, पहाटेची वाट कशाला?