एनपीएम इन्स्टॉल विंडोजवरच का रेंगाळते?

लॅपटॉप तोच, प्रोसेसर तोच, एसएसडीही तीच. तरी लिनक्समध्ये बूट केले की ‘एनपीएम इन्स्टॉल’ (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टला लागणारी तयार पॅकेजेस उतरवणारी कमांड) भराभर उरकते आणि विंडोजमध्ये त्याच कामाला चहा होऊन जातो. ‘लिनक्स मुळातच फास्ट’ असे मग ठरवून टाकले जाते. ते अर्धेच खरे आहे. एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्या शोधणारा सी प्रोग्राम एकाच कंपायलरने, त्याच पर्यायांनी बांधून दोन्हीकडे चालवा; वेळ जवळपास सारखाच येईल. असल्या निव्वळ आकडेमोडीत ऑपरेटिंग सिस्टीमचा फारसा संबंधच येत नाही.

संबंध येतो तो फाइलींशी. रिॲक्टच्या साध्या प्रोजेक्टमधले नोड मॉड्यूल्सचे, म्हणजे उतरवलेल्या पॅकेजेसचे, फोल्डर उघडून त्याचे गुणधर्म पाहा. हजारो फाइली, त्यांतल्या कित्येक दोन-चार केबीच्या. एसएसडीच्या खोक्यावर छापलेला ‘सेकंदाला 3500 एमबी’ हा आकडा एक मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. इथे डेटा थोडा आणि फाइली असंख्य, त्यामुळे खर्च पडतो तो दर फाइलीमागे. समजा 40,000 फाइली आहेत. प्रत्येकीमागे 10 मायक्रोसेकंद गेले तर एकूण 0.4 सेकंद. तेच 300 मायक्रोसेकंद गेले तर 12 सेकंद. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण दुखणे नेमके याच जातीचे आहे.

आधी लिनक्सचे पाहू, कारण तिथली रचना खरोखर देखणी आहे. एखाद्या प्रोग्रामने ‘ही फाइल आहे का, किती मोठी आहे, कधी बदलली’ असे विचारले की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) फाइलीच्या मार्गाचा एकेक तुकडा घेतो: होम, मग त्यातले फोल्डर, मग त्याच्या आतले. प्रत्येक टप्प्यावर वरचे फोल्डर आणि पुढचे नाव मिळून एक हॅश (शोधायला सोपा असा आकडा) काढला जातो आणि तो रॅममधल्या ‘डेंट्री कॅशे’ नावाच्या तक्त्यात शोधला जातो. सापडला की डिस्कला हात लावावा लागत नाही. 2011 साली आलेल्या 2.6.38 या आवृत्तीपासून हा शोध बहुतेक वेळा एकही लॉक (इतरांना थांबवणारे कुलूप) न घेता पार पडतो. त्यामुळे आठ कोअर एकाच वेळी शोधत असले तरी एकमेकांची वाट अडवत नाहीत.

खरी गंमत पुढेच आहे. हा तक्ता ‘अशी फाइल नाही’ हे उत्तरसुद्धा लक्षात ठेवतो. याला ‘निगेटिव्ह डेंट्री’ म्हणतात. नोडला (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला) एखादे मॉड्यूल हवे असले की ते या फोल्डरात आहे का, वरच्यात आहे का, त्याच्याही वरच्यात आहे का, नावाला जेएस जोडून सापडते का, जेसन जोडून सापडते का, अशी विचारणा सुरू होते. सी++ कंपायलरही हेडर फाइल शोधताना हेच करतो. यांतल्या पुष्कळ प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असते आणि लिनक्स ते ‘नाही’ दुसऱ्या खेपेपासून रॅममधूनच देतो. बिल्ड म्हणजे बऱ्याच अंशी नसलेल्या फाइलींचा शोध असतो, हे एकदा कळले की निम्मे कोडे सुटते.

आता विंडोज. इथे नोडसारखे प्रोग्राम फाइलीची नुसती माहिती हवी असली तरी परंपरेने ती आधी उघडतात, मग विचारतात, मग बंद करतात. फाइल उघडण्याची विनंती थेट एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीमपर्यंत जात नाही. वाटेत ‘फिल्टर मॅनेजर’ बसलेला असतो आणि त्याच्याकडे अँटिव्हायरस, क्लाउड सिंक, एन्क्रिप्शन, कंपनीचे देखरेख सॉफ्टवेअर अशा मिनिफिल्टर ड्रायव्हरांची उतरंड असते. सरकारी कचेरीतल्या फाइलीसारखी विनंती टेबलाटेबलावरून खाली जाते आणि उत्तर त्याच वाटेने वर येते. प्रत्येक ड्रायव्हरला ‘अल्टिट्यूड’ नावाचा क्रमांक असतो. डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या फिल्टरचा 328010 आहे. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएलटीएमसी’ ही कमांड दिली की आपल्या मशीनवरची सगळी उतरंड दिसते. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती अवश्य पाहावी. घरच्या आणि ऑफिसच्या यंत्रांच्या वेगातल्या फरकाचा उलगडा अनेकदा त्या यादीतच होतो.

सर्वात महाग क्षण मात्र फाइल बंद करण्याचा. नुकतीच लिहिलेली फाइल बंद होताना डिफेंडर ती तपासतो आणि तोवर प्रोग्राम ताटकळतो. म्हणूनच रस्ट भाषेच्या रस्टअप या इन्स्टॉलरने विंडोजवर फाइली बंद करण्याचे काम वेगळ्या थ्रेडांकडे (समांतर चालणाऱ्या धाग्यांकडे) सोपवले. एनटीएफएस 1993 सालची म्हणून तिला दोष देणे सोपे आहे, पण वेळ खाणारी मंडळी बहुतांशी तिच्या वरच्या मजल्यांवर बसलेली असतात. मायक्रोसॉफ्टलाही हे ठाऊक आहे. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत फाइल न उघडता नुसत्या नावावरून माहिती देणारे नवे फंक्शन आले आणि पायथॉन 3.12 ते असेल तिथे वापरतो.

आपल्याकडे यावर चालणारे उपाय मात्र वेगळेच. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच वेळा ‘रिफ्रेश’ मारल्याने फक्त आयकॉन पुन्हा रंगवले जातात. ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामे करणे तर उलट अंगाशी येते: कुठला प्रोग्राम सुरू होताना काय वाचतो याच्या नोंदी तिथे असतात आणि त्या पुसल्या की विंडोजला त्या पुन्हा गोळा कराव्या लागतात. रजिस्ट्री क्लीनर आणि ‘रॅम बूस्टर’ हे याच पंथातले. अँटिव्हायरस कायमचा बंद करा असे सांगणाऱ्यांपासूनही चार हात लांब राहावे. एनपीएमवर घातक पॅकेजेस येऊन गेली आहेत, एकदा नव्हे, अनेकदा.

त्याऐवजी विंडोज 11 मध्ये ‘डेव्ह ड्राइव्ह’, म्हणजे डेव्हलपरांसाठीची वेगळी ड्राइव्ह, बनवावी. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज, डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स, असा रस्ता. किमान 50 जीबी जागा लागते आणि सी ड्राइव्हचीच डेव्ह ड्राइव्ह करता येत नाही. तिच्यावर रीएफएस ही फाइल सिस्टीम असते आणि डिफेंडर ‘परफॉर्मन्स मोड’मध्ये चालतो, म्हणजे फाइल उघडू देतो आणि तपासणी मागाहून उरकतो. त्यासाठी डिफेंडरचे रिअल टाइम संरक्षण चालू असावे लागते. प्रोजेक्ट हलवला आणि एनपीएमचा कॅशे सी ड्राइव्हवरच राहिला तर फायदा अर्धाच मिळतो, तेव्हा कॅशेही तिकडे न्यावा. शिवाय वनड्राइव्हने बॅकअपला घेतलेल्या डेस्कटॉपवर प्रोजेक्ट ठेवू नये. हजारो फाइली बनताक्षणी सिंकच्या रांगेत जाऊन उभ्या राहतात.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय असलेली डब्ल्यूएसएल 2 वापरणाऱ्यांचा घोटाळा निराळा. 2016 सालची पहिली डब्ल्यूएसएल लिनक्सच्या सिस्टीम कॉल्सचे (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्यांचे) भाषांतर करून काम विंडोजच्याच फाइल यंत्रणेकडे पाठवत असे, म्हणून ती मंद. 2020 मध्ये सर्वांना मिळालेल्या दुसरीत छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये खरा लिनक्स कर्नल आणि ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइल सिस्टीमची स्वतःची डिस्क असते. प्रोजेक्ट मात्र लोक सी ड्राइव्हवरच ठेवतात. मग दर फाइलीमागची प्रत्येक विचारणा 9पी या फाइली देण्याघेण्याच्या प्रोटोकॉलने मशीनची हद्द ओलांडून विंडोजकडे जाते, तिथली सगळी उतरंड चढून-उतरून परत येते. पहिल्या आवृत्तीपेक्षाही संथ असे हे मिश्रण होते. शिवाय फाइल बदलल्याची सूचना या वाटेने पोचत नाही, त्यामुळे कोड सेव्ह केला तरी ब्राउझरमधले पान ढिम्म. उपाय एकच: प्रोजेक्ट लिनक्सच्या होममध्ये क्लोन करावा आणि व्हीएस कोड हा एडिटर त्याच्या डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शनमधून उघडावा.

मॅकवाल्यांनी हसू नये. मॅकवरचे डॉकर कंटेनर (प्रोग्राम चालवण्याचे बंदिस्त डबे) लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्येच चालतात आणि मॅकचे फोल्डर आत जोडले की हद्द ओलांडण्याचा हाच खर्च येतो. नोड मॉड्यूल्स डॉकरच्या नेम्ड व्हॉल्यूममध्ये (व्हर्च्युअल मशीनच्या आतल्याच साठ्यात) ठेवले की तेवढा भाग वाचतो.

मोठ्या रेपोत (गिटने सांभाळलेल्या कोडच्या साठ्यात) काय बदलले ते सांगणारी ‘गिट स्टेटस’ कमांड रेंगाळते त्याचेही कारण तेच: गिट त्याच्या यादीतल्या प्रत्येक फाइलीची विचारपूस करतो. मायक्रोसॉफ्टचा विंडोजचा कोड गिटमध्ये आणला तेव्हा सुमारे 35 लाख फाइली आणि 300 जीबी भरला होता. 2022 च्या गिट 2.37 मध्ये आलेला अंगभूत एफएसमॉनिटर चालू केला की सगळ्यांना विचारण्याऐवजी ‘मघापासून काय बदलले’ एवढेच विचारले जाते. ही सोय आधी विंडोज आणि मॅकला मिळाली. लिनक्सच्या आयनोटिफाय या फाइलींतले बदल कळवणाऱ्या यंत्रणेला प्रत्येक फोल्डरवर वेगळी पाळत बसवावी लागते आणि पाळतींना मर्यादा आहे: पूर्वी 8192, कर्नल 5.11 पासून रॅमच्या प्रमाणात. जुन्या सर्व्हरवर व्हीएस कोड ‘इतक्या मोठ्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवता येत नाही’ अशी तक्रार करतो ती याचमुळे. तिथे मर्यादा वाढवण्याआधी व्हीएस कोडच्या वॉचर एक्स्क्लूड यादीत नोड मॉड्यूल्स आणि बिल्डचे फोल्डर आहेत का ते पाहावे.