चिंग राजवाड्यातील खोजे : साम्राज्य गेल्यानंतरची परवड

चीनमधील चिंग घराण्याच्या (१६४४–१९१२) अंतःपुरात नोकरीला असलेले, लहानपणीच खच्ची केलेले सेवक म्हणजे राजवाड्यातील खोजे. १९१२ मध्ये साम्राज्य गेले. त्यानंतर तेरा वर्षांच्या आत राजवाड्याचे दरवाजेही त्यांना बंद झाले आणि शेकडो माणसे बीजिंगच्या रस्त्यावर आली. राजवट बुडाली की तिचे नोकरचाकर निराधार होतात, हे अनेक देशांत घडले आहे. पण आचारी, मोतद्दार, पहारेकरी यांना निदान परत जायला घर असते. बहुतेक खोज्यांचे घर राजवाड्यात पाऊल टाकण्यापूर्वीच सुटलेले असे.

ही माणसे आली कोठून, हे आधी पाहावे लागते. बहुतेक जण बीजिंगच्या दक्षिणेकडील, आजच्या हेबेई प्रांताच्या आणि तिआनजिनच्या आसपासच्या गावांमधले होते. जिंगहाई, दाचंग, हेज्येन या भागांत पूर, दुष्काळ आणि खारवट जमीन यांमुळे शेतीचा भरवसा नव्हता. चार मुलांपैकी एक राजवाड्यात गेला तर बाकीचे जगतील, असा हिशेब आईबाप करत. शस्त्रक्रिया करणारी काही घराणी बीजिंगमध्ये होती; ज्यांना त्यांचे पैसे परवडत नसत, त्यांच्या घरी कधीकधी बापच हातात सुरी घेई. कापलेला अवयव चुना वगैरे लावून डब्यात जपून ठेवत आणि त्याला ‘बाओ’, म्हणजे मौल्यवान ठेवा, म्हणत. मरताना देह पुरा असावा, नाहीतर पितरांपुढे तोंड दाखवता येत नाही, ही श्रद्धा त्यामागे होती. मूलबाळ नसल्याने आपल्यामागे पितरांची पूजा कोण करील, ही चिंता त्याहून मोठी होती. अनेक खोजे म्हणूनच पुतण्याला दत्तक घेत.

बाहेरच्यांना खोजे म्हटले की श्रीमंत आणि कारस्थानी माणसे आठवतात. राजमाता त्सीशीचा मर्जीतला ली लियानयिंग किंवा तिच्यानंतर लुंगयू राजमातेच्या पदरी असलेला श्याओ दजांग यांनी खरोखरच अफाट माया जमवली. श्याओ दजांगने तर तिआनजिनच्या ब्रिटिश वसाहतीत वाडा बांधला आणि तो १९५७ पर्यंत जगला. पण अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीचे अंगण झाडणारे, पाणी भरणारे, रात्रपाळीला दारापाशी बसणारे. पगार थोडा, वरच्या खोज्याला द्यावे लागणारे हप्ते ठरलेले आणि चूक झाली की बांबूचे फटके. त्यांच्यातल्या अनेकांना अफूचे व्यसन होते. म्हातारपणासाठी काही शिल्लक टाकणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते.

१२ फेब्रुवारी १९१२ रोजी लुंगयू राजमातेने सहा वर्षांच्या पू यी सम्राटाच्या वतीने सिंहासन सोडल्याचे फर्मान काढले. नव्या प्रजासत्ताकाने त्या बदल्यात राजघराण्याला सवलती दिल्या : सम्राट हे पद कायम, वर्षाला ४० लाख ताएलांचा (ताएल म्हणजे चांदीचे वजनी चलन) तनखा आणि तात्पुरता राजवाड्यात निवास. खोज्यांपुरते त्यात एवढेच होते, की राजवाड्यातील नोकरांना पूर्ववत ठेवता येईल, मात्र यापुढे नवे खोजे भरायचे नाहीत. प्रथा बंद झाली हे चांगलेच झाले. पण जे आधीच खोजे झाले होते, त्यांच्या उतारवयाची तरतूद त्या कराराच्या एकाही कलमात नव्हती. राजाचा तनखा आकड्यानिशी लिहिला गेला, सेवकांच्या नावाने एक दमडीही लिहिली गेली नाही. पुढची सगळी हालअपेष्टा या एका गाळलेल्या तरतुदीतून आली.

तनखाही वेळेवर येईना. सरकारे बदलत राहिली, थकबाकी वाढली आणि राजवाड्याचा खर्च वस्तू गहाण टाकून, विकून भागू लागला. चोरी तर सर्रास होती. खोजे चोरत, त्यांच्यावरचे राजगृह खात्याचे अधिकारीही चोरत; राजवाड्याच्या उत्तरेकडील दी-आन-मन रस्त्यावर त्यांच्यापैकी काहींची जुन्या वस्तूंची दुकाने होती. पू यीने खजिन्याची मोजदाद करायला सांगितले आणि थोड्याच काळात, २७ जून १९२३ च्या सुमारास, ज्येनफू महालाला आग लागून चित्रे, सोन्याच्या मूर्ती आणि ग्रंथ यांचा मोठा साठा जळाला. चोरी लपवण्यासाठी खोज्यांनीच ती लावली, असा संशय घेतला गेला. तो कधीही सिद्ध झाला नाही. तरीही जुलैच्या मध्यात पू यीने वृद्ध राजमातांच्या सेवेपुरते थोडे खोजे ठेवून बाकी सगळ्यांना एकाच दिवशी बाहेर काढले. तेव्हा राजवाड्यात सुमारे हजार खोजे उरले होते. संशय असेल तर तो काहींवर असायला हवा होता. शिक्षा सरसकट झाली. सम्राटाचे ब्रिटिश शिक्षक रेजिनाल्ड जॉन्स्टन यांनी नोंदवले आहे, की त्यानंतर काही दिवस उत्तर दरवाजा आणि जिंगशान टेकडी यांच्यामधील खंदकाच्या काठावर खोजे घोळक्याने बसून असत. आत राहिलेले सामान आणण्यासाठी त्यांना पाळीपाळीने, थोडेथोडे करून सोडत होते. ज्यांना जायला कोठेच जागा नव्हती, त्यांना काही काळ दी-आन-मन वेशीलगतच्या इमारतींत ठेवण्यात आले.

५ नोव्हेंबर १९२४ रोजी फंग यूश्यांग या सेनापतीच्या सैन्याने खुद्द पू यीलाच राजवाड्याबाहेर काढले. मग उरलेले खोजेही बाहेर पडले. १० ऑक्टोबर १९२५ रोजी तिथे संग्रहालय उघडले आणि ज्या अंगणांतून सामान्य माणसाला डोकावताही येत नसे, तिथे तिकीट काढून लोक हिंडू लागले.

गावी परतणे सोपे नव्हते. पैसे घेऊन आलेल्याचे स्वागत होई, रिकाम्या हाताने आलेला भावांच्या घरात ओझे ठरे. दाढी-मिशा नसलेला चेहरा आणि बारीक आवाज यांमुळे ओळख लपत नसे. पोरे मागे लागत. राजदरबारी रीतीरिवाजांखेरीज दुसरे काही शिकलेले नसल्याने धंदाही जमत नसे. काहींनी छोटी दुकाने टाकली, काही पू यीबरोबर तिआनजिनला आणि पुढे जपान्यांनी उभ्या केलेल्या मांचुकुओच्या राजधानीत, चांगचुनला गेले. काहींनी भीक मागितली.

खरा आधार मिळाला तो देवळांचा, आणि हा भाग या कहाणीत सर्वांत लक्षात घेण्याजोगा आहे. राजा आपल्याला पोसणार नाही हे खोज्यांनी फार आधी ओळखले होते. नोकरीत असतानाच त्यांनी बीजिंगमधील आणि शहराबाहेरील बौद्ध व ताओ मंदिरांना देणग्या देऊन, जमिनी घेऊन म्हातारपणाची सोय लावली होती. राजवाड्याच्या पश्चिमेला लागूनच असलेले शिंगलोंग मंदिर हे त्यांतले प्रमुख. आपसात वर्गणी काढून चालवलेली मंडळेही होती. ओळखीच्या माणसाच्या शिफारशीने आत यायचे, ठरलेली रक्कम भरायची आणि काही वर्षांनी देवळात राहण्या-जेवण्याचा हक्क मिळवायचा, अशी रीत होती. म्हणजे लोकांना जो धर्मादाय वाटे, त्यातला बराचसा पैसा खोज्यांच्याच घामाचा होता. ज्याला ती रक्कम भरता आली नाही, तो मात्र या आसऱ्यालाही मुके. देवळांतही लहान-मोठे हा भेद उरलाच : पैसेवाला खोजा महंत होई, गरीब खोजे शेतात आणि मुदपाकखान्यात राबत.

शहराच्या पश्चिमेला बाबाओशान येथे गांग बिंग या मिंगकालीन, म्हणजे चिंगच्या आधीच्या घराण्याच्या काळातील, सेनापतीचे देऊळ होते. तो खोजा होता असे मानत आणि खोजे त्याला आपला कुलपुरुष समजत. तिथे राहणारे वृद्ध खोजे देवळाची शेती करून पोट भरत. १९४९ च्या क्रांतीनंतर त्या जागेवर क्रांतिकारकांची स्मशानभूमी करण्यात आली आणि त्यांना पुन्हा दुसरीकडे हलावे लागले. मात्र नव्या सरकारने वृद्ध खोज्यांना निर्वाहभत्ता दिला; राजघराणे आणि प्रजासत्ताक या दोघांनीही जे केले नव्हते, ते अखेर इथे झाले.

याच काळात राजवटीवर विसंबून असलेले इतरही रस्त्यावर आले. पिढ्यान्‌पिढ्या शिधा आणि पगार खाणारे मांचू सैनिक, म्हणजे ‘ध्वजवाले’, बीजिंगमध्ये रिक्षा ओढू लागले, हिवाळ्यात फुकट पेजेच्या केंद्रांपुढे रांगा लावू लागले. राजवाड्यातील दासी ठरावीक वर्षांनी बाहेर पडून लग्न करीत, त्यामुळे त्यांचे हाल एकदम दिसून आले नाहीत. तरी त्सीशीची एक दासी उतारवयात लोकांच्या घरी काम करीत होती.

सुन याओतिंग (१९०२–१९९६) हा चिंग दरबारचा शेवटचा खोजा मानला जातो. जिंगहाई भागातील गरीब घरात तो जन्मला. आठव्या वर्षी वडिलांनी त्याला खच्ची केले आणि काही महिन्यांतच साम्राज्य गेल्याची बातमी आली. तरीही तो राजवाड्यात पोहोचला, पुढे पू यीची पत्नी वानरोंग सम्राज्ञी हिच्या सेवेत होता. राजवाडा सुटल्यावर गाव, शिंगलोंग मंदिर, चांगचुन आणि पुन्हा मंदिर असा त्याचा प्रवास झाला. लिहिता-वाचता येत असल्याने मंदिरांचा हिशेब ठेवण्याचे काम त्याला मिळाले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, छळाच्या भीतीने, त्याच्या नातेवाइकांनी त्याचा ‘बाओ’ नष्ट केला. तो वारला बीजिंगच्या ग्वांगह्वा मंदिरात. त्याने आणि इतर काही वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी चीनमध्ये लिहून घेतल्या गेल्या. राजवाड्यातील रोजचे जेवण, फटके, पगार आणि देवळातली खोली यांविषयी आज जे सांगता येते, ते बरेचसे त्यांच्याच तोंडून आलेले आहे.