पाकुं बिल: ग्राहकाच्या तक्रारीला मुदत कशी मिळाली

वडोदऱ्यात मिक्सर घ्या नाहीतर गीझर, पैसे देण्याआधी दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतो, "पाकुं बिल जोईशे?" म्हणजे पक्कं बिल हवं का? कच्च्या चिठ्ठीवर कराचे पैसे वाचतात, म्हणून बरेच जण मान हलवून चिठ्ठी खिशात घालतात. दांडिया बाजारातल्या माझ्या काकूने मात्र गेल्या तीस वर्षांत एकदाही कच्चं बिल घेतलेलं नाही. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तिची सगळी बिलं असतात. प्रत्येक बिलाच्या मागे निळ्या पेनने वॉरंटी कधी संपते ती तारीख लिहिलेली असते, आणि जी वस्तू मोडीत गेली तिच्या बिलावर आडवी रेघ.

गेल्या भाद्रपदात तिचा सात वर्षांचा फ्रीज गार होईनासा झाला. मेकॅनिकने गॅस भरायचे साडेतीन हजार सांगितले. काकूने डबा उघडून बिल काढलं, कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी दाखवली आणि कंपनीला फोन लावला. पुढच्या बावीस दिवसांत तिला चार तक्रार क्रमांक मिळाले. प्रत्येक क्रमांकामागून दोन दिवसांत "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज आला. फ्रीजमध्ये दूध नासतच होतं. तिने चारही क्रमांक आणि चारही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या.

हे लिहून ठेवणं का महत्त्वाचं आहे, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

या शहरात पैशाचे आणि बाजाराचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या ओळखीवर चालले. उधारी ओळखीवर मिळायची आणि कर्जही. ओळख नसेल तर सावकाराचं व्याज होतंच. त्याला उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १८८९ रोजी वडोदऱ्यात 'अन्योन्य सहायकारी मंडळी' उभी राहिली. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी पुढाकार घेतला होता. सहकारी कायदा देशात १९०४ मध्ये आला, म्हणजे ही मंडळी त्याच्याही पंधरा वर्षं आधीची. भारतातल्या सहकारी पतसंस्थांचा इतिहास इथून सुरू होतो, आणि तो आपल्या मराठी माणसांनी सुरू केला, याचा मला फार अभिमान वाटतो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या पुढाकाराने २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा सुरू झाली आणि बचतीला छापील पासबुकाची सवय लागली.

पण पासबुकात लिहिलेली रक्कम परत मिळेलच, असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं. १९६० मध्ये केरळातली पलई सेंट्रल बँक बुडाली आणि हजारो ठेवीदार हवालदिल झाले. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला, माणशी १५०० रुपयांपर्यंत. ही मर्यादा १९९३ मध्ये एक लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख. सहकारी बँकांसाठी १९६८ मध्ये वेगळी कायदेदुरुस्ती करावी लागली. त्या अन्योन्य मंडळीची झालेली बँकही पुढे अडचणीत येऊन बंद पडली. ज्या शहरात सहकाराचं पहिलं पाऊल पडलं, तिथल्या माणसाला विम्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने तर मुदतही घातली: बँकेवर निर्बंध आले, तर विम्याची रक्कम ९० दिवसांत ठेवीदाराच्या हाती पडली पाहिजे.

बाजारातल्या ग्राहकाला मात्र बराच काळ असा कुणीच वाली नव्हता. वस्तू खराब निघाली तर दिवाणी कोर्ट, म्हणजे वकील, स्टॅम्प आणि वर्षानुवर्षं तारखा. तीनशे रुपयांच्या इस्त्रीसाठी कोण जाणार? १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली, ती भेसळ आणि वजनमापातली फसवणूक पाहून. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचं वाणसामान एकत्र घ्यायला सुरुवात केली. पैसे वाचले हे खरंच, पण दहा घरांनी मिळून घेतलेल्या डाळीत खडे निघाले तर दहा घरं मिळून विचारायला जायची. माझ्या मते भाव कमी झाला त्यापेक्षा हे जास्त मोलाचं. १९७८ मध्ये अहमदाबादेत कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर उभं राहिलं, आणि ग्राहकाची लढाई कोर्टात कशी लढायची ते गुजरातला दिसलं.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तोच दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. सुरुवातीला तक्रारीला फीच नव्हती आणि वकील लावायची सक्तीही नव्हती. माझ्या दृष्टीने या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती आकड्यांची. समोरच्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी १५ दिवस. कंपन्यांचे वकील हे ४५ दिवस खुशाल ओलांडायचे. शेवटी ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं, की पंचेचाळिसाव्या दिवसानंतर एक दिवसही वाढवून मिळणार नाही.

मधल्या काळात कायद्याचा हात लांब होत गेला. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सरकारी संस्थांची सेवाही कायद्याखाली आली, १९९५ मध्ये पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर आणि रुग्णालयं आली. १९९० चा एक बदल तर रोज आपल्या हातात असतो. त्याआधी पाकिटावर किंमत छापून खाली 'स्थानिक कर वेगळे' असं लिहिता यायचं, आणि ते कर किती हे दुकानदार सांगेल तसं. १९९० पासून सगळ्या करांसह कमाल किंमत छापणं बंधनकारक झालं. ती कमाल आहे, म्हणजे त्याहून कमीत घासाघीस करायची पूर्ण मुभा आहे. एमआरपीच्या वर जीएसटी लावणारा दुकानदार आजही भेटतो. त्याला पाकिटावरची ओळ वाचून दाखवावी, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

नवा कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० पासून. आता तक्रार ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. ऑनलाइन विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. बँकांनाही अशाच मुदती लागल्या. एटीएममधून पैसे आलेच नाहीत आणि खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत आले पाहिजेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. तुमची आणि बँकेची चूक नसताना खात्यातून कुणी पैसे उडवले, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा, नुकसान शून्य. चौथ्या दिवसापासून त्यातला वाटा तुमच्या पदरात पडू लागतो.

या मुदती पाळल्या जातात का? आयोगातले खटले कायद्यात सांगितलेल्या तीन महिन्यांत क्वचितच संपतात, आणि ही गोष्ट मला मनापासून खुपते. पण मुदतीचा खरा उपयोग खटल्याच्या आधी होतो. तारखेनिशी लिहिलेली तक्रार समोर आली की फोनवरचं "बघतो, सांगतो" चालेनासं होतं.

काकूने तेविसाव्या दिवशी १९१५ लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन सतरा भाषांत चालते. तिने मराठी निवडली आणि कॅलेंडर समोर धरून चारही क्रमांक, चारही तारखा सांगितल्या. पलीकडच्या मुलीने बिलाचा फोटो मागितला आणि तक्रार थेट कंपनीकडे पाठवली. आठव्या दिवशी दोन माणसं नवा कॉम्प्रेसर घेऊन जिना चढून आली. काम संपल्यावर ती निघाली, तेव्हा काकूने त्यांना दारातच थांबवलं.

"पैसे शून्य, ठीक. पण तसं लिहून द्या. आणि खाली तारीख टाका."

तो कागद आता डब्यात फ्रीजच्या बिलाला टाचलेला आहे.