मावशीच्या डोक्यातली नूतन

सकाळची गोळी घेतली की नाही, हे मावशीला अर्ध्या तासाने आठवत नाही. मला ती कधी मामाच्या नावाने हाक मारते, कधी नुसतं "अरे बाळ" म्हणून वेळ भागवते. वय ८१. परवा दुपारी तिच्याजवळ बसून मोबाइल चाळत होतो. बोटाखालून एक कृष्णधवल फोटो सर्रकन वर गेला आणि तिने माझं मनगट धरलं. "थांब. नूतन होती ना?"

मागे जाऊन पाहिलं. नूतनच होती. पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो, मान वळलेली, निम्मा चेहरा पदराच्या सावलीत. चष्मा टेबलावर राहिला होता, तरी मावशीने एका सेकंदात तिला ओळखलं होतं.

मावशीचं माहेर मिरजेचं. नूतनचा 'सुजाता' हा सिनेमा १९५९ चा, आणि तो मिरजेत लागला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आजीला सांगून एकदा आणि न सांगता दोनदा तिने तो पाहिला. त्या काळी वाण्याकडून साखर, डाळ रद्दीच्या पुड्यांतून यायची. एखाद्या पुडीवर नूतनचा फोटो दिसला की मावशी कागद हलक्या हाताने उलगडायची, गादीखाली घालून सरळ करायची आणि कणकेच्या खळीने वहीत चिकटवायची. ती वही मी लहानपणी पाहिली आहे. काही फोटोंवर तेलाचे डाग होते आणि एका पानाला जिऱ्याचा वास यायचा.

साठ-पासष्ट वर्षं हा चेहरा टिकला आणि आजच्या सकाळची गोळी निसटली, असं का होतं?

चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या आणि कोणती आठवण कोणत्या वयातली याचा आलेख काढला, तर साधारण दहा ते तीस या वयांच्या जागी एक टेकाड दिसतं. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे नीट मांडलं आणि पुढे ते पुन्हा पुन्हा आढळलं. याची एकापेक्षा जास्त कारणं सांगितली जातात. त्या वयात मेंदू जोमात असतो, बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच घडत असतात आणि 'मी कोण' हे तेव्हाच ठरत असतं. मला यातलं तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सोळाव्या वर्षी मावशी पडद्यावर एक गोष्ट तर बघत होतीच, पण मान खाली घालूनही ताठ कसं राहायचं, हेही ती त्या चेहऱ्यावरून शिकत होती.

२००७ मध्ये नेदरलँड्समधल्या तीन संशोधकांनी हाच प्रश्न आवडीनिवडींना लावला. लोकांना आवडती तीन पुस्तकं, तीन चित्रपट आणि तीन रेकॉर्ड विचारल्या आणि त्यांची पहिली भेट कधी झाली तेही विचारलं. तिन्हींत ते टेकाड दिसलं, पण सर्वांत उंच होतं गाण्यांचं. त्यांचा खुलासा सरळ आहे. पुस्तक आपण दोन-तीनदा वाचतो, चित्रपट त्याहून जास्त वेळा पाहतो, गाणं मात्र असंख्य वेळा ऐकतो. कोवळ्या वयात उमटलेली खूण प्रत्येक उजळणीला आणखी खोल जाते.

आपल्याकडे तर सिनेमा आणि गाणं वेगळं काढताच येत नाही. मिरजेतून 'सुजाता' गेला, पण 'जलते हैं जिसके लिए' रेडिओवर येतच राहिलं. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली होती. तलत महमूदचा आवाज लागला की मावशीच्या डोळ्यांपुढे टेलिफोनचा रिसीव्हर कानाशी धरून उभी असलेली नूतन यायची. म्हणजे तिकीट न काढता तिने तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल, याची मोजदाद नाही.

आता चेहऱ्याकडे येऊ. चेहरे ओळखण्यात मेंदूच्या खालच्या बाजूचा एक छोटा पट्टा विशेष काम करतो, हे १९९७ पासून चांगलं माहीत आहे. पण 'हा एक चेहरा आहे' आणि 'ही नूतन आहे' यांत फार अंतर आहे. ते अंतर कुठे कापलं जातं, याचा एक विलक्षण पुरावा २००५ मध्ये मिळाला. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत, झटके नेमके कुठून सुरू होतात ते शोधण्यासाठी डॉक्टर बारीक तारा बसवतात. लॉस एंजेलिसमध्ये अशा रुग्णांना त्यांच्या संमतीने चित्रं दाखवली गेली. रॉड्रिगो किआन किरोगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक चेतापेशी अशी सापडली, जी जेनिफर अ‍ॅनिस्टन या अभिनेत्रीच्या निरनिराळ्या फोटोंना प्रतिसाद द्यायची आणि बाकी बहुतेक चेहऱ्यांपुढे गप्प बसायची. दुसऱ्या एका रुग्णातली पेशी हॅली बेरी या अभिनेत्रीच्या फोटोला, तिच्या रेखाचित्राला, मुखवटा घातलेल्या रूपाला आणि पडद्यावर नुसतं तिचं नाव लिहून आलं तरी जागी व्हायची. फोटो आणि लिहिलेली अक्षरं डोळ्यांना अगदी वेगळी, पण त्या पेशीच्या दृष्टीने दोन्ही म्हणजे हॅली बेरी.

एका माणसासाठी एकच पेशी राखून ठेवलेली असते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अशा पुष्कळ पेशी मिळून एक ओळख सांभाळतात, आणि एकच पेशी अनेक ओळखींत भाग घेते. अ‍ॅनिस्टनला दाद देणारी ती पेशी पुढच्या चाचणीत लिसा कुड्रोच्या फोटोलाही जागी झाली. दोघी एकाच मालिकेत काम करायच्या. माणसं जशी एकमेकांशी जोडलेली असतात, तशाच त्यांच्या आठवणीही. मावशीच्या डोक्यातल्या नूतनच्या शेजारी त्याच जाळ्यात मिरजेचं घर, आजीचा ओरडा आणि जिऱ्याचा वास असणार.

आणि हे नातं एकतर्फी होतं, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल यांनी रेडिओ, टीव्ही, सिनेमातल्या माणसांशी जडणाऱ्या अशा नात्याचा अभ्यास मांडला. समोरच्याला आपण ठाऊकही नसतो, तरी आपल्याला ती व्यक्ती घरातली वाटते. क्लोजअप आठवून पाहा. एखाद्याचा चेहरा हातभर अंतरावरून, डोळ्यांत पाणी तरळेपर्यंत आपण निवांत कधी बघतो? आई, लेकरू, जोडीदार, बस्स. एडवर्ड हॉल या मानवशास्त्रज्ञाने साधारण ४५ सेंटिमीटरच्या आतलं अंतर जिवलगांचं मानलं. पडदा एका अनोळखी बाईला त्या वर्तुळात आणून बसवतो, तेही अंधारात, आणि आपण टक लावून बघितलं तरी तिला अवघडायला होत नाही.

२१ फेब्रुवारी १९९१ ला नूतन गेली. ५४ वर्षांची होती. त्या दिवशी मावशीने स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः जेवली नाही. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी तिची थट्टा केली, "तुझी कोण लागत होती?" ती काही बोलली नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मीही हसलो होतो. आज त्याचं वाईट वाटतं. तिचं माणूस गेलं होतं.

विस्मरणात नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या उशिरा, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवलं होतं. गाण्यांबाबत आणखी एक दिलासा आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये आधी निरोगी तरुणांच्या मेंदूत वर्षानुवर्षं ऐकलेली गाणी ओळखणारे भाग शोधले, मग अल्झायमरच्या रुग्णांत तेच भाग तपासले. बाकी मेंदू आक्रसत असताना त्या भागांची झीज तुलनेने फार कमी होती. आजार तिथे कधीच पोचत नाही असं नाही. पण तिथली पडझड उशिरा होते.

परवा मग मी तिला ते गाणं लावून दिलं. चष्माही दिला. गाणं सुरू होण्याच्या जरा आधीपासून लावलं होतं. पडद्यावर अजून काही घडायच्या आत मावशी म्हणाली, "आता फोन येईल बघ."

२००८ मध्ये अशाच तारा बसवलेल्या रुग्णांना काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या होत्या आणि नंतर काय आठवतं ते सांगायला लावलं होतं. एखादी फीत बघताना जी पेशी जागी झाली होती, तीच आठवताना पुन्हा जागी व्हायची, आणि रुग्णाने तोंड उघडण्याच्या सेकंदभर आधीच. आठवण ओठांवर यायच्या आत मेंदूत तो प्रसंग पुन्हा सुरू झालेला असतो.

फोन आला. तलत गाऊ लागला. नूतनने एक शब्दही उच्चारला नाही, नुसती ऐकत राहिली. मावशीचे ओठ तलतच्या अर्ध्या सेकंद पुढे हलत होते, आणि तिचा उजवा हात, काहीतरी धरल्यासारखा, हळूहळू कानाकडे गेला होता.