चॅट्सवर्थची बाग : एकाच जागेवर किती बागा

2018 च्या जुलैमध्ये इंग्लंडात कडक ऊन पडलं होतं, तेव्हा डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ हाउसचं दक्षिणेकडचं लॉन करपलं आणि त्या करपलेल्या गवतातून हळूहळू नक्षी वर आली. वळणं, गोल, सरळ पट्टे, एखाद्या शालूच्या काठावर असावी तशी वेलबुट्टी. ही 1699 ची बाग होती, जिच्यावर 1730 च्या सुमाराला गवत घातलं गेलं. जुन्या वाफ्यांची आणि वाटांची माती खाली तशीच राहिली, त्यामुळे वरच्या गवताची मुळं कुठे खोल गेली कुठे उथळ राहिली, आणि पाणी तुटल्यावर तो फरक वरून दिसला. एवढंच त्यामागचं कारण.

घर कॅव्हेंडिश घराण्याचं, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकांचं. 1549 मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्याची बायको बेस ऑफ हार्डविक यांनी ही जमीन घेतली आणि 1552 पासून बांधकाम सुरू केलं. त्या काळच्या बागेतलं आज फार काही उरलेलं नाही, टेकडीवरचा शिकारीचा मनोरा आणि नदीकाठचा एक दगडी चौथरा, बस.

खरा दिमाख आला तो 1694 मध्ये ड्यूक झालेल्या पहिल्या ड्यूकच्या काळात. तेव्हा फ्रेंच पद्धतीचा जमाना होता, फ्रान्सच्या राजाची व्हर्सायची बाग डोळ्यासमोर, सगळं कसं पट्टी लावून आखलेलं. जॉर्ज लंडन आणि हेन्री वाइज या त्या वेळच्या नामांकित माळ्यांनी मोठमोठे नक्षीदार वाफे घातले. ग्रिले नावाच्या फ्रेंच माणसाने डोंगरउतारावर पाण्याच्या पायऱ्या बांधल्या, 1696 मध्ये, आणि थोड्याच वर्षांत त्या पुन्हा वाढवून बांधल्या. 24 पायऱ्या, प्रत्येकीची रुंदी-उंची थोडी वेगळी, त्यामुळे पाण्याचा आवाजही प्रत्येक टप्प्यावर बदलतो. ते पाणी खाली आलं की वाया जात नाही, पाइपातून लॉनवरच्या सीहॉर्स कारंज्यात जातं आणि शेवटी नदीला मिळतं. पंप वगैरे काही नाही, नुसता उतार.

आणि माझ्या मते या बागेच्या सगळ्या इतिहासाची गोम इथेच आहे. सपाट जमिनीवर जे केलं ते पुढच्या मालकाने उखडलं, उताराच्या जोरावर पाणी खेळवलं ते मात्र सहसा कुणी मोडलं नाही, उलट जो आला त्याने त्यात भर घातली.

चौथ्या ड्यूकच्या काळात फॅशन पूर्ण उलटली. आता नैसर्गिक दिसणारी बाग हवी होती. त्या काळच्या गाजलेल्या बागरचनाकाराला, केपेबिलिटी ब्राउनला बोलावलं, त्याने 1760 च्या आसपास उरलेसुरले वाफे काढून गवताचे उतार केले, झाडं लावली, नदीकडचा सगळा देखावा मोकळा केला. ब्राउनवर जुन्या बागा गाडल्याचा आरोप नेहमी होतो, पण चॅट्सवर्थला सगळा दोष एकट्या त्याच्या माथी मारणं बरोबर नाही, दक्षिणेकडचं लॉन त्याच्या आधीच झालेलं होतं. आणि पाण्याच्या पायऱ्या ठेवल्याच ना त्याने!

मग आला जोसेफ पॅक्सटन. 1826 मध्ये सहाव्या ड्यूकने या 23 वर्षांच्या पोराला मुख्य माळी नेमलं. त्यानेच लिहून ठेवलंय की तो पहाटे साडेचारला पोचला, कुणीच दिसेना म्हणून फाटकावरून चढून आत गेला, बाग पाहिली, माणसं कामाला लावली, कारंजी चालू करून बघितली आणि नाश्त्याला हाउसकीपरच्या भाचीच्या प्रेमात पडला, हे सगळं सकाळी नऊच्या आत. पुढे लग्नही तिच्याशीच.

पॅक्सटनचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 1836 ते 1840 या काळात बांधलेलं प्रचंड काचघर. लांबी 277 फूट, रुंदी 123 फूट, आतून घोडागाडी जायची. गरम ठेवायला आठ बॉयलर आणि कोळसा न्यायला जमिनीखालून रूळ, म्हणजे धूर नको, कोळशाची गाडीही पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको. याच माणसाने पुढे लंडनच्या 1851 च्या मोठ्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस ही काच-लोखंडाची इमारत उभी केली. रशियाचा झार येणार म्हणून 1844 मध्ये डोंगरावर 8 एकरांचा तलाव खणून त्याच्या दाबावर एम्परर कारंजं उडवलं, 296 फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार आलाच नाही.

आपल्याकडचा धागा इथे जुळतो. पॅक्सटनने चॅट्सवर्थला केळीची एक बुटकी जात वाढवली, ड्यूकच्या आडनावावरून तिचं नाव कॅव्हेंडिश पडलं. जळगावकडे आज जी ग्रँड नैन केळी लावतात ती याच कॅव्हेंडिश गटातली. शिवाय त्याने जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला 1835 मध्ये भारतात पाठवलं होतं, तो खासी टेकड्यांतून ऑर्किड गोळा करून 1837 मध्ये परतला.

काचघराचं काय झालं? पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, माणसं लढायला गेली, आतली झाडं मेली. 1920 मध्ये सुरुंग लावून ते पाडलं, आणि तेही एका दमात पडलं नाही. 1950 मध्ये दहावा ड्यूक वारला, वारसाकर 80 टक्के, जमिनी विकाव्या लागल्या, घराण्याचं दुसरं मोठं घर, हार्डविक हॉल, तेही गेलं. त्यानंतर अकराव्या ड्यूकने आणि त्याच्या बायकोने बागेत हात घातला तो बेताच्या खर्चात: 1953 मध्ये झाडांचं नागमोडी कुंपण, 1962 मध्ये पाडलेल्या काचघराच्या पायावर झाडांचा भूलभुलैया. पाया अजून दिसतो, त्याच्या आत उभं राहिलं की काचघर केवढं असेल याचा अंदाज येतो.

गेल्या काही वर्षांत टॉम स्टुअर्ट-स्मिथ या बागरचनाकाराने पॅक्सटनने मोठे दगड रचून केलेल्या बागेची फेरमांडणी केली आणि वरच्या अंगाला रान माजलेल्या भागात नवी लागवड केली. ग्रिलेच्या पाण्याच्या पायऱ्या मात्र गळायला लागल्या, पाणी बंद ठेवावं लागलं, आणि दुरुस्तीसाठी पैसे उभे करायची धावपळ सुरू झाली.