दसऱ्याचा खंडा, दिवाळीचा किल्ला आणि पावती पुस्तक

आश्विन लागला की पुरंदर, भोर, वेल्हे (आता राजगड), मावळ, जुन्नर या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत दोन गोष्टी जोडीनं सुरू होतात. संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर पोरं दांडपट्टा फिरवायला लागतात, आणि मंडळाचे दोघे-तिघे बगलेत पावती पुस्तक धरून घरोघर हिंडायला लागतात. दांडपट्टा सगळ्यांना दिसतो, फोटोतही येतो. पावती पुस्तकाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. पण आपल्याकडे इतिहास जागता ठेवायचं काम या पुस्तकाशिवाय कधी झालेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं याच दिवसांत का, याचं उत्तर नद्यांत आणि खळ्यात आहे. पावसाळ्यात मराठी फौजा छावणीला असत. नद्या उतरल्या, वाटा वाळल्या, घोड्यांना वैरण मिळू लागली की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं, असा रिवाज होता. त्याच सुमाराला बाजरी खळ्यावर येते, पुरंदरातलं सीताफळ सासवडच्या बाजारात जातं. पावसाळाभर रिकाम्या असलेल्या हातात चार पैसे खेळू लागतात. सण आणि वर्गणी एकत्र येतात ती यामुळे.

जेजुरीचा मर्दानी दसरा ज्यानं पाहिलाय त्याला जिवंत इतिहास म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. संध्याकाळी गडावरून खंडोबाची पालखी सीमोल्लंघनाला निघते. डोंगरावरच्या कडेपठार या खंडोबाच्या दुसऱ्या ठाण्याची पालखीही खाली उतरू लागते. रात्री उशिरा रमणा नावाच्या जागी दोन्ही पालख्यांची भेटाभेट होते. भंडाऱ्यानं सगळं पिवळं होतं आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ दरीत घुमत राहतो. सकाळी पालखी गडावर परतली की खंडा, म्हणजे देवाची जड तलवार, बाहेर येतो. हा खंडा पेशव्यांचे सरदार पानसे यांनी देवाला वाहिला, असं सांगतात. वजन सुमारे ४२ किलो. कुणी तो एका हातात, हात ताठ ठेवून तोलतं, तर कुणी दातात धरून कसरत करतं. मनगट थरथरू लागतं, मानेच्या शिरा तटतटतात आणि भोवतालचं कोंडाळं एकदम गप्प होतं. काचेच्या कपाटातली तलवार बघून ही शांतता कधी अनुभवाला येत नाही.

आता पैशाकडे वळू. गावाला वर्गणी नवी नव्हतीच. जत्रेची घरटी पट्टी जुनी आहे. ज्याच्याकडे रोकड नाही त्यानं पायलीभर धान्य द्यायचं. नवरात्रात देवीला आलेल्या साड्यांचा लिलाव करून देवळाचा खर्च भागवायची पद्धत आजही कितीतरी गावांत आहे. पुण्यातल्या चळवळीनं या सवयीला वेगळी दिशा दिली. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव फोफावला आणि वर्गणी आळीआळीत पोहोचली. १८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धाराचा विषय लावून धरला, निधी सुरू केला, आणि पुढच्याच वर्षी रायगडावर शिवाजी उत्सव झाला. स्मारकाचा निधी आणि इतिहासाचा उत्सव यांची गाठ इथे पडली, ती आजवर सुटलेली नाही.

अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड तर मला याहून मोठा वाटतो. माणशी वर्षाला एक पैसा, बस्स. अशा पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. थोडं थोडं सगळ्यांनी घातलं की मोठं काम तडीस जातं, हे मावळातल्या लोकांनी चालत्या भट्टीच्या रूपानं पाहिलं.

दिवाळीचा किल्ला यांतलं सर्वांत लहान काम, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा इतिहासाशी पहिला संबंध तिथेच येतो. खाली दगड-विटा, वर भिजवलेलं पोतं, त्यावर लाल मातीचा लेप, उतारावर अळीव पेरायचे. तीन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. बालेकिल्ल्यावर सिंहासन मांडायचं आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजांवर. माची कुठे, चोरवाट कुठे यावरून पोरांची भांडणं होतात, आणि त्या भांडणात राजगडाला तीन माच्या आहेत हे कायमचं डोक्यात बसतं. यातूनच पुढे मंडळांच्या किल्ले स्पर्धा आल्या, मग दिवाळीत खऱ्या गडावर पणत्या लावायला जाणारे गट आले, आणि उन्हाळ्यात त्याच गडावरच्या टाक्यांतला गाळ काढणारेही.

२०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन पुणे जिल्ह्यातले. शिवनेरी आणि लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, राजगड राज्याकडे. गडावर मोठा कार्यक्रम करायचा तर परवानगी लागते. ते योग्यच आहे, दगडाला जपायलाच हवं. पायथ्याच्या गावाला मात्र खेळ आणि मशाली शाळेच्या पटांगणावर मांडता येतात.

वर्गणीलाही कायद्याची चौकट आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यामुळे देवाधर्माच्या किंवा धर्मादाय कामासाठी पैसा गोळा करणाऱ्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची वाट धरावी लागते. हिशेब चोख लागतो. आमच्या गावच्या पुस्तकात मागल्या दिवाळीची एक पावती आहे. रकमेच्या रकान्यात आकडा नाही, पेनानं लिहिलंय: ‘तेल, दोन किलो, पणत्यांसाठी.’ खाली देणाऱ्या आजींचा अंगठा.